कृष्णाकाठचं वांगं पोटात गेल्यावर: पॉलीफेनॉल आणि आतड्यातले जिवाणू, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आता बचत गट, भिशी मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा असं कुठं कुठं बोलायला बोलावतात. विषय काहीही ठरवा, शेवटी गाडी खाण्यावरच येते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. जिथे विचारणाऱ्यांनी मला पेचात पकडलं तिथे उत्तर लांबलंय, तेवढं चालवून घ्या.

पॉलीफेनॉल म्हणजे नक्की काय, बाई? रोज पेपरात वाचतो.

भरल्या वांग्यासाठी वांगी चिरून ताटात ठेवा आणि मसाला वाटायला वळा. पाच मिनिटांत काप तपकिरी पडतात. म्हणून तर आपण ती मिठाच्या पाण्यात टाकतो. काळं पडतं ते वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्ल. ते आणि त्याच्यावर काम करणारं एन्झाइम पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि रंग चढतो. हे क्लोरोजेनिक आम्ल म्हणजे एक पॉलीफेनॉल. झाडं असली हजारो रसायनं बनवतात, ती किडीपासून, बुरशीपासून आणि उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी. आपल्या तब्येतीचा विचार करून झाडानं काही केलेलं नाही.

जिभेची खूण हवी असेल तर षड्रसांतला तुरट आठवा. जांभूळ खाल्लं की जीभ आक्रसल्यासारखी, खरखरीत होते. जांभळातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात आणि तोंडातला ओशटपणा जातो. टॅनिन हेही पॉलीफेनॉलच. पण सगळीच पॉलीफेनॉलं तुरट लागतात असं मात्र नाही.

ती पचतात कुठे?

बहुतेक लहान आतड्यात पचतच नाहीत. लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब, तरीही खाल्लेल्या पॉलीफेनॉलपैकी ढोबळमानानं ५ ते १० टक्केच तिथे शोषली जातात. उरलेली ९० टक्के आणि वर, मोठ्या आतड्यात पोचतात. ते जेमतेम दीड मीटरचं, पण खरी वस्ती तिथेच. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ चा एक अंदाज आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे इथे राहतात. सगळ्यांचं मिळून वजन पावशेरसुद्धा भरत नाही, २०० ग्रॅमच्या आसपास.

लहान आतड्यात जे थोडं शोषलं जातं, तेही सुखासुखी रक्तात फिरत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत त्याला शेपटं जोडतात, म्हणजे ग्लुकुरोनिक आम्ल नाहीतर सल्फेट, आणि ते बाहेर टाकायला सोपं करून ठेवतात. त्यातलं काही पित्तावाटे परत आतड्यात येतं. तिथे जिवाणू ते शेपूट तोडतात आणि माल पुन्हा शोषला जातो. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने घरात, असा हा प्रकार.

जेवल्यावर किती वेळात हे सगळं होतं?

काय खाल्लं त्यावर आहे. कांदा आणि संत्र्याची जोडी घ्या.

लोणंदच्या बाजारात कांद्याचे ढीग लागतात तेव्हा खाली पडलेली लाल, कागदासारखी सालं तुडवत आपण जातो. क्वेर्सेटिन नावाचं पॉलीफेनॉल कांद्यात असतं आणि ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, गाभ्याकडे कमी. त्याच्या अंगाला ग्लुकोज चिकटलेलं असतं. आपल्या लहान आतड्याच्या भिंतीवर दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज आहे, तेच हे ग्लुकोजही तोडतं. म्हणून कांदा खाल्ल्यावर तासाभरातच रक्तात क्वेर्सेटिनचे अंश दिसायला लागतात.

संत्र्याच्या सालीखालचा तो पांढरा चिवट पापुद्रा, जो आपण सोलून टाकतो, त्यात हेस्पेरिडिन असतं. त्याला चिकटलेल्या साखरेच्या जोडीत ग्लुकोजच्या टोकाला रॅम्नोज आहे. रॅम्नोज तोडायची कात्री माणसाच्या शरीरात नाहीच. मग ते तसंच मोठ्या आतड्यापर्यंत जातं, तिथे जिवाणू आधी रॅम्नोज कापतात, मग ग्लुकोज, आणि पाच-सात तासांनी अंश रक्तात येतो. म्हणजे दुपारच्या जेवणातल्या कांद्याचा हिशोब वामकुक्षी संपायच्या आत लागतो, संत्र्याचा मात्र दिवेलागणीला.

डाळिंब आणखी सावकाश. त्याचं पुढे सांगते.

जिवाणू नेमकं करतात काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो आणि सहसा शेवटच्या पाच मिनिटांतच विचारला जातो.

वांग्याचंच पाहू. क्लोरोजेनिक आम्ल म्हणजे दोन तुकड्यांची गाठ, एक कॅफेइक आम्ल आणि दुसरं क्विनिक आम्ल. मघाच्या ढोबळ आकड्यापेक्षा हे जास्त, सुमारे एक तृतीयांश वर लहान आतड्यात शोषलं जातं, दोन तृतीयांश खाली येतं. मोठ्या आतड्यात पहिल्या पाळीचे जिवाणू ती गाठ सोडवतात. दुसऱ्या पाळीचे कॅफेइक आम्लातल्या दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवतात. तिसरे त्याच्या कार्बनच्या कड्यावर लटकलेला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) काढून टाकतात. मग बाजूची साखळी आखूड होते. शेवटी जे साधंसुधं बेन्झोइक आम्ल उरतं, ते यकृतात जाऊन ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाशी जोडलं जातं. तयार होतं हिप्युरिक आम्ल, आणि ते लघवीवाटे निघून जातं.

यातली गंमत अशी की अख्खं काम एकटा जिवाणू क्वचितच करतो. उसाच्या फडात तोडणारा वेगळा, मोळी बांधणारा वेगळा, ट्रॉली भरणारा वेगळा, तसंच आहे. चहातल्या कॅटेचिनचं मधलं कडं एगर्थेला लेन्टा नावाचा जिवाणू उघडतो आणि पुढचं काम फ्लॅवोनिफ्रॅक्टर प्लॉटी हातात घेतो. दुसरा हजर नसेल तर माल पहिल्याच थांब्यावर अडकून पडतो. क्वेर्सेटिनचं कडं मोडायला फ्लॅवोनिफ्रॅक्टर आहे आणि युबॅक्टेरियम रॅम्युलस हाही आहे.

आणि ते हे सगळं हवेविना करतात. मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे जाळून टाकण्याचा मार्गच बंद. उरतं काय, तर हायड्रोजन चढवणं, गट काढणं आणि कडी तोडणं. आमच्या प्रयोगशाळेत असले जिवाणू वाढवायचे म्हणजे दिव्य असायचं. बरणीतली हवा काढा, झाकण घट्ट लावा, एवढं करून दोन दिवसांनी उघडावं तर बशी कोरी. विद्यार्थ्यांना वाटायचं बाईंनी काही टाकलंच नव्हतं.

हिप्युरिक या नावात ग्रीक भाषेतला घोडा लपलाय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांना १८२९ मध्ये ते घोड्याच्या लघवीत सापडलं. घोडा गवत खातो, गवतात अशी रसायनं भरपूर. ती वाट आपल्या वांग्यापर्यंत येते हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

मग ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणतात ते खोटं?

परीक्षानळीत खरं, शरीरात त्या अर्थानं नाही. एका प्रदर्शनात मी कौतुकानं कसल्याशा जांभळ्या भुकटीचा डबा घेतला होता. डब्यावर अँटीऑक्सिडंटची नळीतली ताकद सांगणारा ‘ओरॅक’ नावाचा आकडा, पाचअंकी. घरी आल्यावर आठवलं की अमेरिकेच्या कृषी खात्यानं असल्या आकड्यांची आपली यादी २०१२ मध्येच काढून टाकली होती, कारण नळीतला आकडा आणि पोटात गेल्यावरचा परिणाम यांचा मेळ बसत नाही. तसा तो बसणार तरी कसा? नळीत मूळ रसायन असतं आणि रक्तात फिरतात ते जिवाणूंनी केलेले तुकडे. डबा अजून फडताळात आहे.

आटपाडीचं डाळिंब रोज खाते. मैत्रीण म्हणते, हृदयाला चांगलं. मलाही तेवढंच लागू पडेल का?

डाळिंबाच्या बाबतीत माणसामाणसांत फरक पडतो, हा या सगळ्या विषयातला मला सगळ्यांत विचार करायला लावणारा भाग.

डाळिंबात एलॅजिटॅनिनं असतात, मुख्य म्हणजे प्युनिकॅलॅजिन. पोटात त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून रक्तात फारसं जात नाही. मोठ्या आतड्यात गॉर्डोनिबॅक्टरसारखे जिवाणू त्याचं एक कडं उघडतात, मग एकेक हायड्रॉक्सिल काढत युरोलिथिन बनवतात. युरोलिथिन रक्तात आणि लघवीत दिसायला अर्धा-एक दिवस लागतो आणि पुढे दोन-तीन दिवस ते दिसत राहतं.

स्पेनमधल्या मुर्सिया शहरातल्या संशोधकांनी माणसांचे यावरून तीन गट पाडले. एका गटात शेवटी युरोलिथिन ए बनतं. दुसऱ्यात त्याच्याबरोबर बी आणि आयसोयुरोलिथिन ए बनतात. तिसऱ्या गटात काहीच बनत नाही, त्यांना गट शून्य म्हणतात. तिकडच्या लोकांत साधारण दहातला एक जण शून्य गटात मोडतो. म्हणजे दोन जावा एकाच ताटातलं डाळिंब खातील, एकीच्या रक्तात युरोलिथिन येईल, दुसरीच्या रक्तात काहीच नाही. डाळिंबात खोट नाही, खाणारीतही नाही, फक्त आत कामाला ती मंडळी नाहीत.

जाता जाता: एलॅजिटॅनिन दाण्यांपेक्षा सालीत आणि आतल्या पिवळ्या पडद्यात कितीतरी जास्त. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते उतरतं, नुसते दाणे खाऊन कमी मिळतं. म्हणून परदेशात रसावर झालेले प्रयोग वाटीभर दाण्यांना तसेच चिकटवू नका. आणि हे वाचून साल चावत बसू नका.

आम्ही गव्हात सोयाबीन टाकून दळून आणतो. त्याचाही काही संबंध?

आहे, आणि गोष्ट डाळिंबासारखीच. सातारा-सांगलीकडे खरिपात सोयाबीन भरपूर, पण ते बहुतेक तेलाच्या मिलकडे जातं. सोयाबीनमधली पॉलीफेनॉलं म्हणजे आयसोफ्लॅवोन. तेलात ते उतरत नाहीत, पेंडीत राहतात. दळून खाल्लं तर मिळतात.

त्यातल्या डेड्झीनपासून काहींच्या आतड्यात इक्वॉल बनतं. त्याची रचना स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनशी जुळती आहे, म्हणून रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर त्याचा अभ्यास होतो. युरोप-अमेरिकेत तीसेक टक्के लोकांत इक्वॉल बनतं. जपान, चीन, कोरियात निम्म्याहून जास्त लोकांत. काम करणारे जिवाणू ॲडलर्क्रॉयट्झिया आणि स्लॅकिया. (ही नावं वर्गात फळ्यावर लिहिताना माझीही त्रेधा उडायची.) इक्वॉलच्या नावातही घोडाच आहे, १९३२ मध्ये ते गाभण घोडीच्या लघवीत सापडलं. या शास्त्राचा निम्मा इतिहास तबेल्यातच घडला म्हणायचा.

हळदीचं काय? आपली तर सांगलीची हळद!

सांगलीत राहून हळदीबद्दल काही कमी-जास्त बोलणं म्हणजे घरच्याच लोकांशी वाद. पण हिशोब करूया. हळद पावडरीत कुरकुमिन, म्हणजे हळदीचं पिवळं पॉलीफेनॉल, साधारण ३ टक्के धरा. चौघांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद. त्यात ४५ मिलिग्रॅम कुरकुमिन, माणशी अकरा-बारा मिलिग्रॅम. प्रयोगांत देतात ते ग्रॅममध्ये. दोन ग्रॅम कुरकुमिन फोडणीच्या हळदीतून मिळवायचं तर माणशी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. हरिपूरच्या हळद साठवायच्या जुन्या पेवांजवळच मुक्काम टाका मग.

शिवाय कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, फार थोडं शोषलं जातं. बंगळुरूत १९९८ मध्ये झालेला प्रयोग सगळे सांगतात: २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं आणि रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढलं. ते खरं आहे. पण पायपरिन काय करतं? शरीर जी शेपटं जोडून माल बाहेर घालवतं, ते जोडकाम अडवतं. त्याच वाटेनं काही औषधंही बाहेर पडतात. म्हणून ज्यांच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल परभारे सुरू करू नयेत.

न शोषलेलं कुरकुमिन मोठ्या आतड्यात जातं. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून त्यावर काम करणारा जिवाणू शोधला, आणि तो निघाला आपला ओळखीचा ई. कोलाय. त्याचं एक एन्झाइम कुरकुमिनवर दोन टप्प्यांत हायड्रोजन चढवून टेट्राहायड्रोकुरकुमिन बनवतं. हे बिनरंगी असतं. साडीवर पडलेला हळदीचा डाग वर्षानुवर्षं जात नाही, आणि आतड्यातल्या जिवाणूला मात्र तो रंग उतरवता येतो.

चहा दुधाचा घ्यावा की बिनदुधाचा?

आपली सीटीसी पत्ती कारखान्यात काळी होते तेव्हाच तिच्यातल्या कॅटेचिनचे मोठे रेणू बनलेले असतात. ते वर शोषले जात नाहीत, खालीच जातात. काळा चहा पिणाऱ्यांच्या लघवीत हिप्युरिक आम्ल वाढतं, ते यामुळेच. दुधातली प्रथिनं या रेणूंना चिकटतात हे नक्की. पण माणसांवरच्या प्रयोगांत काहींत फरक दिसला, काहींत नाही. तुम्हाला आवडेल तसा प्या.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. चहातली टॅनिनं भाजी-डाळीतलं लोह बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या लेकी-सुनांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नाही. जेवण आणि चहात तास-दीड तास जाऊ द्या.

कोरेगावचा वाघ्या घेवडा खाल्ला की पोट फुगतं. तेही पॉलीफेनॉलमुळेच?

नाही. ते रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरांमुळे. भिजवून पाणी फेकलं की त्या कमी होतात. घेवड्याच्या अंगावरचे ते वाघासारखे पट्टे मात्र पॉलीफेनॉलचेच रंग आहेत, आणि भिजवलेल्या पाण्यात थोडे तेही उतरतात.

ज्वारीच्या भाकरीत काय असतं?

पांढऱ्या शाळूत टॅनिन नावापुरतं. पण कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, तंतुमय भागाला पक्कं शिवल्यासारखं. आपल्या पोटात ते टाके उसवत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू खाता खाता एकेक टाका उसवतात, त्यामुळे भाकरीतलं फेरुलिक आम्ल कितीतरी तास थोडं थोडं सुटत राहतं. पीठ वस्त्रगाळ करून कोंडा काढलात तर हे सगळं कोंड्याबरोबर बाहेर. गव्हाचंही तसंच.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तुती, इतकी लालभडक. तो रंग जातो कुठे?

अँथोसायनिन नावाची ही रंगद्रव्यं. स्ट्रॉबेरीत मुख्यतः पेलार्गोनिडिनचं, तुतीत सायनिडिनचं. पुष्कळ वर्षं वाटायचं की ती शोषलीच जात नाहीत, कारण लघवीत मूळ रंग एक टक्काही सापडायचा नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगानं चित्र पालटलं. आठ पुरुषांना सायनिडिनचा ग्लुकोजवाला प्रकार ५०० मिलिग्रॅम दिला, त्यातल्या कार्बनला खूण केलेली. तो खुणेचा कार्बन मग सगळीकडे शोधला. लघवीत पाच टक्क्यांच्या वर आणि उच्छ्वासात जवळजवळ सात टक्के. म्हणजे रंगाचं कडं पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत मोडलं आणि नाकावाटे बाहेर पडलं. दोन दिवसांनंतरही तुकडे सापडत होते. शोधणारे इतकी वर्षं लाल रंग शोधत होते, आणि रंग तर केव्हाच प्रोटोकॅटेच्युइक आम्लासारख्या बिनरंगी तुकड्यांत वाटला गेला होता.

अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर?

फटका बसतो. जवसाचं उदाहरण घ्या. जवसातल्या लिग्नान नावाच्या पॉलीफेनॉलपासून जिवाणू एंटेरोलॅक्टोन बनवतात, ते रक्तात मोजता येतं. फिनलंडमध्ये २००२ साली पाहिलं, तर अँटिबायोटिक घेतलेल्यांत वर्ष उलटल्यावरही ते कमीच होतं. तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडायचा नाही. पण सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं पाकीट आणायचंही नाही.

आणि जवस अख्खे गिळू नका, ते जसेच्या तसे बाहेर पडतात. भाजून कुटलेली चटणी बरी.

दही-ताकातले जिवाणू हे काम करतात का?

थोडंफार. पण खरी कामकरी मंडळी हवा लागली की मरणारी, ती वाटीतल्या दह्यात राहूच शकत नाहीत. ताक प्या, छानच आहे. फक्त त्याच्याकडून युरोलिथिनची अपेक्षा धरू नका.

गोळ्या, अर्क, पावडरी घेऊ का?

मी घेत नाही. ग्रीन टीच्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम वाढलेली दिसली, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. हळदीच्या अर्कानंही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीची गोष्ट वेगळी. अन्नातून येणारं पॉलीफेनॉल तंतूंबरोबर, सावकाश, थोडं थोडं येतं आणि जिवाणूंना झेपतं. गोळीतून ते एकदम येऊन आदळतं.

बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होते. मग बीटाचं पॉलीफेनॉल जिवाणूंच्या हातून निसटतं का?

भिशीतल्या एका आजींनी हे अगदी हळू आवाजात विचारलं होतं आणि मग कळलं की निम्म्या जणींना तीच धास्ती होती. बीटाचा रंग बीटालेन, त्यात नायट्रोजन असतो. ते पॉलीफेनॉल नव्हेच. काही जणांत ते न मोडता तसंच बाहेर येतं, घाबरण्यासारखं काही नाही. पण बीट खाल्लेलं नसताना लघवी लाल झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.